मुळशीचे पाणी : आज वापरावे की उद्यासाठी राखावे?

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्याजवळ, मुळा नदी अडवून केलेला मुळशीचा तलाव आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि तलाव भरतो. पुढचे आठ महिने आकाशातून फारशी भर पडत नाही. जे साठले आहे त्यातूनच भागवायचे. मग आज किती पाणी सोडावे?

प्रश्न दिसतो साधा, पण आहे मोठा अवघड. पाणी राखून ठेवले आणि पाऊस वेळेवर, भरपूर आला, तर राखलेले पाणी सांडव्यावरून वाहून जाईल. पाणी वापरून टाकले आणि पाऊस लांबला, तर ऐन गरजेच्या वेळी हात रिकामे राहतील. पाऊस केव्हा येणार हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, पण निर्णय मात्र आजच घ्यावा लागतो. अशा वेळी गणिताची मदत घेण्याचे एक शास्त्रच विसाव्या शतकात उभे राहिले. त्याला निर्णयसाहाय्याचे शास्त्र म्हणता येईल. कारखाने, रेल्वे, वीजकेंद्रे, धरणे यांच्या नियोजनात ते आज रोज वापरले जाते. मुळशीच्या तलावाचे उदाहरण घेऊन आपण ते समजावून घेऊ.

पाण्याची वीज

मुळशीचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाट उतरून रायगड जिल्ह्यातील भिरा येथील वीजकेंद्रात जाते. टाटा कंपनीचे हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. पाणी जवळजवळ ५०० मीटर खाली येते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते ५०० मीटर खाली आले की १००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख जूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे हिशेबाने १.३६ युनिट झाले. नळातील घर्षण आणि यंत्रांतील तूट वजा केली, तरी सुमारे १.२ युनिट हाती लागते. त्यावर ७५ वॅटचा पंखा सोळा तास फिरेल!

तलावात सुमारे अर्धा अब्ज घनमीटर पाणी मावते. म्हणजे भरलेला तलाव ही साठ कोटी युनिटांच्या आसपासची शिल्लक झाली. कोळशावर चालणारे केंद्र थंड स्थितीतून सुरू करायला कित्येक तास लागतात. जलविद्युत यंत्र काही मिनिटांत सुरू होते. म्हणून मागणी एकाएकी वाढते तेव्हा हे पाणी फार मोलाचे ठरते.

राखलेल्या पाण्याची किंमत

पाणी आकाशातून फुकट मिळते, मग त्याची किंमत ती काय? पिएर मासे या फ्रेंच अभियंत्याने १९४६ साली जलाशयांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या प्रश्नाला नेमके रूप दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तलावातील पाण्याची आजची किंमत म्हणजे ते आज न वापरता राखल्यास पुढे होणारा फायदा. आजचा फायदा त्याहून जास्त असेल तर पाणी सोडा. कमी असेल तर राखा.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. मे महिना सुरू आहे. एक ‘माप’ पाणी आज सोडले तर ४ रुपयांचा फायदा होतो. तेच राखले आणि पाऊस वेळेवर आला, तर त्याचा उपयोग जेमतेम १ रुपयाचा, कारण तलाव तसाही भरून वाहणार. पण पाऊस लांबला, तर पहिले राखलेले माप २० रुपयांचे काम करील. दुसरे माप १६ रुपयांचे, तिसरे १२, चौथे ८ आणि पाचवे ४ रुपयांचे. असे उतरते आकडे का? कारण पहिले माप सर्वांत निकडीच्या कामाला जाते, दुसरे त्याहून कमी निकडीच्या. तहानलेल्या माणसाला पहिला पेला अमृतासारखा वाटतो, पाचवा नकोसा होतो, तसेच हे.

समजा, मागील अनुभवावरून चार वर्षांत एकदा पाऊस लांबतो. म्हणजे संभाव्यता १/४. पहिले माप राखण्याचा सरासरी फायदा काढू : २० चा चौथा भाग ५, अधिक १ चे तीन चतुर्थांश ०.७५, एकूण ५.७५ रुपये. आजच्या ४ रुपयांहून हे जास्त, म्हणून राखा. दुसऱ्या मापाचे ४.७५; तेही राखा. तिसऱ्याचे ३.७५ च होतात. ते आजच वापरा. उत्तर : दोन मापे राखावीत.

संभाव्यता १/३ झाली तर तीन मापे राखणे योग्य ठरते आणि १/२ झाली तर चार. ही दोन उत्तरे स्वतः पडताळून पाहा.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पाऊस केव्हा येईल हे गणिताने सांगितले नाही. अज्ञान कायम असतानाही शहाणपणाने कसे वागावे, एवढेच सांगितले. निर्णय चांगला असूनही एखाद्या वर्षी फळ वाईट मिळू शकते. निर्णयाची पारख एका वर्षाच्या फळावरून करायची नसते. तो घेताना हाती असलेली माहिती नीट वापरली की नाही, हे पाहायचे असते.

शेवटाकडून सुरुवातीकडे

खरा हिशेब एका महिन्याचा नसतो, वर्षभराचा असतो. मे महिन्यात काय करावे हे एप्रिलअखेर किती पाणी उरले यावर अवलंबून, एप्रिलचे मार्चवर. मग सुरुवात कोठून करावी? अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, असे प्रश्न शेवटाकडून सोडवावेत. आधी मे महिन्यासाठी, तलावाच्या प्रत्येक पातळीला योग्य निर्णय कोणता ते काढायचे. ते कळले की एप्रिलचे काढता येते, मग मार्चचे. असे मागे मागे येत ऑक्टोबरपर्यंत पोहोचायचे. मग प्रत्येक महिन्यासाठी एक तक्ता तयार होतो : पातळी इतकी असेल तर इतके पाणी सोडा.

एका तलावासाठी हे सोपे. पण सहा तलाव एकत्र चालवायचे असले आणि प्रत्येकाच्या दहा पातळ्या धरल्या, तर एकूण स्थिती १० चा सहावा घात, म्हणजे दहा लाख होतात! येथे संगणकही दमू लागतो. म्हणून काही वेळा प्रश्न सोपा करून ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ची रीत वापरतात. एक उद्दिष्ट ठरवायचे, अटी एकघाती असमीकरणांत लिहायच्या आणि त्या सर्व पाळून उद्दिष्ट जास्तीत जास्त किती साधते ते पाहायचे. रशियात कांटोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूडच्या कारखान्यातील यंत्रांना कामे वाटून देताना या रीतीचा पाया घातला, आणि अमेरिकेत जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ साली ती सोडवण्याची सुटसुटीत पद्धत शोधली.

अटींची चौकट

मुळशीच्या गणितात अटी कोणत्या? तलावात असेल त्याहून जास्त पाणी सोडता येत नाही. बोगद्यातून ठरावीक वेगापलीकडे पाणी जात नाही. शिवाय काही अटी निसर्गाच्या नव्हेत, माणसांनी घातलेल्या आहेत.

मुळा ही कृष्णेच्या खोऱ्यातील नदी. तिचे पाणी मुळा-मुठेतून भीमेला, तेथून उजनीला आणि पुढे कृष्णेला जायचे. ते पश्चिमेला वळवले की खोऱ्यातून कायमचे जाते. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्यात मर्यादा घातली गेली : मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण इत्यादी टाटा जलविद्युत प्रकल्पांनी मिळून कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा आणि लागोपाठच्या पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी बाहेर वळवू नये. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर.

ही अट मोठी मजेदार आहे. समजा, तीन वर्षे सलग ५४.५ टीएमसी वापरले. बेरीज १६३.५. मग उरलेल्या दोन वर्षांसाठी फक्त ४८.५ टीएमसी राहिले, म्हणजे वर्षाला सव्वाचोवीस. आजचा निर्णय पाच वर्षांपर्यंत हात लांबवतो तो असा!

भिऱ्याला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचे उलटसुलट चालणारे यंत्रही बसवण्यात आले. विजेची मागणी कमी असताना ते खालचे पाणी पुन्हा वर चढवते. चढवताना खर्च होते तेवढी वीज परत मिळत नाही, साधारण पाव भाग वाया जातो. पण स्वस्त वेळची वीज महाग वेळी मिळते. म्हणजे निर्णयात आणखी एक पर्याय वाढला.

दोन दिशांची ओढ

पूर्वेकडील दुष्काळी भागातून मागणी होत आली आहे की, हे पाणी भीमेच्या खोऱ्यातच राहावे. पश्चिमेला गेलेले पाणीही विजेनंतर वाया जात नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यात ते शेतीला आणि कारखान्यांना मिळते. मग कोणती वाटणी बरोबर?

आलेखकागद घ्या. आडव्या अक्षावर वीज, उभ्या अक्षावर पूर्वेकडे भिजणारी जमीन मांडा. प्रत्येक वाटणीचा एक बिंदू येईल. काही बिंदू असे असतील की वाटणी सुधारून वीज आणि भिजणारी जमीन दोन्ही वाढवता येतील. असे बिंदू सरळ खोडून टाका. शेवटी एक उतरती रेषा उरेल. तिच्यावर एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. या रेषेपर्यंत पोहोचवणे हे गणिताचे काम. रेषेवर कोठे थांबायचे हे गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते.

रुपयांत न मावलेले

मुळशीने हा धडा फार पूर्वी दिला आहे. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा मुळशी पेट्यातील बावन्न गावांचा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. येथल्या मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच.

कंपनीच्या हिशेबात जमीन ही भरपाई देऊन मिळणारी वस्तू होती. शेतकऱ्याच्या लेखी ती विकायचीच नव्हती. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर एकाने जी गोष्ट खर्चाच्या रकान्यात लिहिली, ती दुसऱ्याच्या मते न मोडण्याची अट होती. सारा तंटा तेथेच होता. आकडेमोड कितीही अचूक केली असती तरी तो मिटला नसता.

पुढे याबाबत आपली समजूत थोडी वाढली. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने पाणीवाटपात पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान दिले. म्हणजे ते रुपयांच्या तराजूत घालायचे नाही. आधी बाजूला काढून ठेवायचे आणि मग उरलेल्याचे गणित मांडायचे.

आता हा प्रयोग वर्गात करा. आपल्या गावचा तलाव, विहीर किंवा शाळेची टाकी घ्या. पाण्याचे उपयोग लिहून काढा. त्यांतील कोणते उपयोग कमीजास्त करता येतील आणि कोणत्या अटी कोणत्याही किमतीला मोडायच्या नाहीत, याच्या दोन याद्या करा. प्रत्येक गटाने आपापल्या याद्या आधी एकमेकांना न दाखवता तयार कराव्यात. मग त्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जेथे फरक दिसेल तेथे आकडेमोड थांबवा आणि एकमेकांशी बोला.