दाढ ओढून निघत नाही

दाढ काढायला गेलेल्या माणसाची समजूत असते की डॉक्टर आता पक्कड लावून जोरात ओढणार. प्रत्यक्षात पक्कड दाढेवर बसली की पहिला जोर पडतो तो मुळाच्या दिशेने. बाहेर यायची ती दाढ आधी आत रेटली जाते! मग गालाकडे, मग जिभेकडे, पुन्हा गालाकडे. दर खेपेला कल किंचित वाढवायचा आणि तिथे जरा थांबायचं. जमिनीत रोवलेला खुंटा काढताना शेतकरी नेमकं हेच करतो, हलवून हलवून भोक सैल करतो. इथली जमीन मात्र जिवंत हाडाची. ते हाड दाबाखाली थोडं पसरतं, आणि सगळी कला त्या थोड्याशा पसरण्यावर उभी आहे. मूळ कसं आहे यावर चाल बदलते. वरचा पुढचा दात एकाच निमुळत्या मुळाचा, म्हणून तो गोल फिरवून सैल करता येतो. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळं, फाकलेली. तिथे पिळायला गेलं तर मूळ मोडायचं.

पण हे हलवणं नेमकं तोडतं काय? मला सर्वात थक्क करणारी गोष्ट इथे आहे. दात हाडाला चिकटलेला नसतोच. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी फट असते आणि त्या फटीत असंख्य सूक्ष्म तंतू ताणून बसवलेले असतात. त्यांचं एक टोक मुळात रुतलेलं, दुसरं हाडात. आपले सगळे दात जन्मभर असे टांगलेले असतात. आपण चावतो तेव्हा दात कणभर खाली दबतो, तंतू ताणले जातात आणि चावण्याचा भार हाडावर एकदम आदळत नाही. याच तंतूंच्या जाळ्यात मज्जातंतूंची टोकं आहेत. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की जबडा जागच्या जागी थांबतो, तो त्यांच्यामुळे. डॉक्टर आधी एक पातळ हत्यार मूळ आणि हाड यांच्यामध्ये सरकवून हलकेच फिरवतात, ते हे तंतू तोडण्यासाठी. ते तुटले आणि हाडाची खोबण सैल झाली, की शेवटचं ओढणं अगदीच किरकोळ उरतं.

हे सारं चाललेलं असताना माणूस शुद्धीवर असतो, हेही नवलच. लिडोकेन हे औषध 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमची ये-जा होते ती दारं ते बंद करतं, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जातच नाही. वेदना वाहणारे तंतू बारीक, ते लवकर गप्प होतात. दाब सांगणारे जाड तंतू बऱ्याचदा जागेच राहतात. म्हणून डॉक्टर सांगतात, ‘दाबल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही.’ ते शब्दशः खरं असतं.

दाताच्या खुर्चीचं साऱ्या शस्त्रक्रियेवर ऋण आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने 11 डिसेंबर 1844 रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. त्याचा एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच. त्याने 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये ईथर देऊन दाखवलं आणि रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते हे जगाला पटलं.

दाढ निघाल्यावरचं काम शरीर स्वतः करतं. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगतात, तो खड्ड्यात रक्त गोठून बसावं म्हणून. ती गुठळी म्हणजे नुसतं बूच नव्हे. तिच्यातच नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मऊ ऊती तयार होते आणि काही महिन्यांत तिथे हाड भरतं. म्हणून पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, तंबाखू-सिगारेट तर नाहीच. गुठळी निसटली तर उघडं पडलेलं हाड दोन-तीन दिवसांनी असं ठणकतं की दाढ बरी होती असं वाटावं.

खड्डा भरतो, पण तिथल्या हाडाला आता ताणणारं कुणी उरत नाही, आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. सगळे दात गेलेल्या आजीचं तोंड बोळकं दिसतं, हनुवटी नाकाजवळ येते, त्याला हेही कारण आहे. आता टायटॅनियमचा स्क्रू बसवून वर नवा दात लावता येतो. हाड त्या धातूला थेट घट्ट धरतं, मध्ये तंतूंची फट नाही. चावायला तो उत्तम. पण तारा लावून शेजारचे दात सरकवता येतात, कारण तंतूंच्या आधाराने हाड एका बाजूने विरघळतं आणि दुसऱ्या बाजूने वाढतं. हा नवा दात मात्र तारांना दाद देत नाही.