मळवलीला उतरा: भाजे आणि कार्ले एका दिवसात

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलात की दोन हजार वर्षं जुनी दोन लेणी एका दिवसात निवांत बघून होतात. आधी भाजे, स्टेशनवरून चालत जाता येतं. इथलं चैत्यगृह इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. खांब आतल्या बाजूला कललेले दिसतील. लाकडी बांधकामाची रीत कारागिरांनी दगडात जशीच्या तशी उतरवली, म्हणून तसे! शेजारी १४ स्तूपांचा समूह आहे. बरेच जण इथूनच फोटो काढून परततात. तसं करू नका. अगदी टोकाच्या विहारापर्यंत जा. तिथे तबल्यासारखं वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे, तिच्या हातांची ठेवण जवळून बघाच.

कार्ले रेल्वेलाइनच्या पलीकडे, डोंगरावर. चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, आणि छताच्या सागवानी कमानी आजही जागेवर आहेत! खांबांवरचे ब्राह्मी लेख दानशूरांची नावं सांगतात. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकही त्यांत आहेत. लेण्यापुढेच एकवीरा आईचं देऊळ आहे, त्यामुळे रविवारी आणि चैत्रात गर्दी असते. शक्यतो मधला वार गाठा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. चांगल्या पकडीचे बूट घाला.