खर्जातली गजवीणा

चेलो हे वाद्य आमच्या करमाडात फारसे कुणी पाहिले नसावे. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा ना! चार तारा, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचे आणि गजाने वाजवायचे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जागा मिळाली की वादकाचा संसार मार्गी लागतो. नॅन्सी लेश या अमेरिकन बाईंनी मात्र ती वाट सोडली आणि उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची शागिर्दी पत्करली. उस्तादांचे बिऱ्हाड चेंबूरला, गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला.

उस्तादांची रुद्रवीणा. वीणेला पडदे असतात, चेलोला नसतात. म्हणजे मींडेला मोकळे रान. पण हेच चकव्याचे रान! स्वर नेमका कुठे थांबवायचा हे सांगायला ना पडदा, ना समोर लिहिलेला कागद. एकेका स्वरापाशी घटकाभर बसायचे. बाईंनी खुर्चीही सोडली, जमिनीवर बैठक घातली.

१९९० साली उस्ताद वारले. दुसऱ्या कुणी गाशा गुंडाळला असता. या त्यांच्या धाकट्या बंधूंपुढे, गवई झिया फरीदुद्दीन यांच्यापुढे, जाऊन बसल्या. २०१३ साली तेही गेले.

मी मराठीचा मास्तर. रागदारीत माझी गती बेताचीच. तरी खर्जातला तो आलाप मला परका वाटत नाही. वीणेची तार छेडली की नाद विरत जातो. गज तो धरून ठेवतो, गळ्यासारखा. ध्रुपदाच्या शिस्तीत हे बसते की नाही, यावर जाणकारांनी खुशाल भांडावे. मी ऐकत बसेन.