बालानगरचे औषधांचे गाव

आमच्या शहरातील पुष्कळ विद्यार्थी 'आय. डी. पी. एल.' ही अक्षरे बसच्या थांब्याचे नाव म्हणूनच ओळखतात. वस्तुतः ती 'इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड' या सरकारी कंपनीची होत. या कंपनीने बालानगरच्या माळावर एक कारखाना उभारला आणि त्याच्या आसऱ्याने एक गावच वसविले.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे गोळ्या तयार होत. परंतु गोळीतील मूळ औषध बहुधा परदेशांतून येई. औषधांच्या किमती इतक्या चढ्या होत्या की अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीनेही १९६१ च्या सुमारास भारताची गणना अत्यंत महाग देशांत केली. गरिबांच्या देशात वखद (आमच्या कोंकणीत औषधाला हेच म्हणतात) श्रीमंतांच्या भावाने विकले जात होते!

आयते द्रव्य आणून त्यात पिष्ट मिसळून गोळी करणे सोपे; ते द्रव्यच निर्माण करणे कठीण. उदाहरणार्थ, सल्फा जातीची औषधे घ्या. दगडी कोळशाच्या डांबरातून बेन्झीन मिळते, बेन्झीनपासून ॲनिलीन आणि त्यापुढे एकामागून एक रासायनिक क्रिया करीत औषध सिद्ध होते. पुस्तकात ही वाट चार ओळींत संपते. कारखान्यात मात्र प्रत्येक पायरीवर उष्णता, दाब आणि आम्लाची तीव्रता सांभाळावी लागते. जरा चुकले की सगळा घाणा वाया.

ही विद्या देण्यास सोव्हिएट संघ पुढे आला. १९५९ साली करार झाला, १९६१ साली कंपनी स्थापन झाली. हृषीकेशला प्रतिजैविके, मद्रासला शस्त्रक्रियेची हत्यारे आणि हैदराबादला रासायनिक औषधे अशी वाटणी ठरली. पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना त्याआधीच, १९५५ पासून, चालू होता. सोव्हिएट मदतीचा विशेष हा की कर्जाचे व्याज अल्प असे आणि त्याची फेड आपल्या मालाच्या रूपाने करता येई. त्यांच्या पद्धती खर्चिक आहेत अशी टीका तेव्हाही झाली, व ती अगदीच निराधार नव्हती.

१९६७ च्या सुमारास येथे उत्पादन सुरू झाले. उरल पर्वताजवळच्या मग्नितोगोर्स्कप्रमाणे येथेही आधी कारखाना व त्याच्याभोवती वस्ती असा क्रम होता. कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, सारे कंपनीचे. निरनिराळ्या प्रांतांतील रसायनशास्त्रज्ञ येथे शेजारी झाले.

पुढे १९७० चा पेटंट कायदा आला व १९७२ पासून अमलात आला. त्याने औषधावरील पेटंट काढून केवळ कृतीवरील ठेवले. निराळ्या कृतीने तेच औषध करण्यास मोकळीक मिळताच बालानगरात हात बसलेल्या माणसांना मोल आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच. डी. मिळविलेले अंजी रेड्डी याच कारखान्यात काही वर्षे होते. १९८४ साली त्यांनी 'डॉ. रेड्डीज' स्थापन केली. जीडीमेटला, पटनचेरू या भागांत मूळ औषधांचे कितीतरी कारखाने उभे राहिले. त्यांच्या सांडपाण्याने नाले व विहिरी नासल्या, हेही त्याच इतिहासातले.

मूळ कारखाना मात्र खंगत गेला. सरकारने बांधून दिलेले भाव, कामगारांची मोठी संख्या, जुनी यंत्रे, आणि १९९१ नंतर वाढलेली परदेशी मालाची स्पर्धा! १९९२ साली औषधे करणारी ही कंपनी कायद्याच्या भाषेत 'आजारी' ठरली. १९९६ साली येथील मूळ औषधांचे उत्पादन थांबले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कंपनी बंद करून तिची जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. ती जमीन थोडीथोडकी नव्हे, शेकडो एकर आहे, आणि आता ती भर शहरात आली आहे.