दोन ठिणग्या, बारा वर्षांचा दावा

२००३ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने पल्सर मोटरसायकलमध्ये ‘डीटीएस-आय’ इंजिन आणलं. सिलिंडर एक, पण स्पार्क प्लग दोन. प्लग एकच असला की पेटलेली ज्योत सिलिंडरच्या पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत वेळ जातो. दोन बाजूंनी ठिणगी पडली की मिश्रण भराभर पेटतं आणि त्यात पेट्रोल कमी असलं तरी नीट जळतं. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नावर गाडी खपणाऱ्या देशात एवढं पुरेसं होतं.

गंमत अशी, की दोन प्लगचं इंजिन काही नवं नव्हतं. अल्फा रोमिओच्या मोटारींत ते कितीतरी आधीपासून होतं. मग बजाजला पेटंट मिळालं कशाचं? ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, पातळ मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन आणि त्यात दोन प्लग, या नेमक्या जुळणीचं. नुसत्या कल्पनेला कायदा विचारत नाही. ती प्रत्यक्षात कशी उतरवली, ते नवं आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगं तर नाही ना आणि उद्योगात वापरता येईल का, हे तो तपासतो. पेटंटच्या अर्जातल्या तपशिलाच्या शेवटी ‘दावे’ लिहायचे असतात. ते म्हणजे शेताचा बांध. दोन शब्द सैल पडले तर शेजारी आत येतो. फार ऐसपैस आखला तर मोजणीत टिकत नाही.

ही मोजणी २००७ मध्ये निघाली. प्रतिस्पर्धी कंपनी टीव्हीएसने दोन प्लगची ‘फ्लेम’ मोटरसायकल जाहीर केली आणि बजाजने हरकत घेतली. आमच्या इंजिनाला तीन व्हॉल्व्ह आहेत, तंत्र वेगळं आहे, शिवाय तुमचं पेटंटच टिकणारं नाही, असं टीव्हीएसचं म्हणणं. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. फ्लेम एका प्लगवर बाजारात आली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा खटल्यांची सुनावणी रोजच्या रोज घेऊन निकाल शक्यतो चार महिन्यांत द्यावा. प्रत्यक्षात भांडण मिटलं २०१९ मध्ये, तेही आपसांत.

दोन्ही कंपन्यांना हे परवडलं. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला परवडेल का? माझ्या मते, पेटंट घेण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. अडवायचं मात्र आपणच, आपल्या खर्चाने.

अर्ज करणं त्या मानाने स्वस्त आहे. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. वकिलाचे पैसे वेगळे, आणि खरा खर्च तोच. वस्तू पूर्ण तयार नसेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख पदरात पाडता येते. मग संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. लोक घसरतात ते त्याच्याही आधी. यंत्र चाललं या आनंदात व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो, प्रदर्शनात स्टॉल लागतो, दोन नग विकलेही जातात. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद सोडले, तर अर्जाआधी जगजाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी उरत नाही. आधी अर्ज, मग पेढे.

शिवाय अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे युक्ती सगळ्यांना वाचायला खुली. म्हणूनच मसालेवाल्याने पेटंटच्या वाटेला जाऊ नये. प्रमाण गुप्त ठेवावं, कामगारांशी आणि पुरवठादारांशी गोपनीयतेचा करार करावा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. भिस्त मुख्यतः त्या करारावर.

आणि नावाची नोंदणी टाळू नये. पेटंट २० वर्षांत संपतं, तेही दरसाल नूतनीकरणाची फी भरत राहिलं तर. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी फी भरून कितीही काळ चालवता येतो. दोन प्लगच्या त्या पेटंटची मुदत केव्हाच सरली, ती जुळणी आता कुणीही वापरावी. ‘पल्सर’ हे नाव मात्र दुसऱ्या कुणाला आपल्या गाडीवर लावता येत नाही.