भयाण भविष्याची गोडी

दिवसभराचे काम, येताना लोकलची गर्दी, घरी आल्यावर जेवणखाण. एवढे सगळे उरकून जरा निवांत बसायला मिळाले की माणूस लावतो काय, तर जग बुडाल्यावर ओसाड शहरात उरलेल्या दहा-बारा जणांची मालिका. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे कोडे सुटत नाही. ‘बातम्यांत काय कमी आहे म्हणून आता हेही बघतोस?’ असा प्रश्न येतो. चाहता त्याला उत्तर देत नाही. तो पुढचा भाग लावतो.

प्रश्न मात्र रास्त आहे, आणि गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीही तो गांभीर्याने घेतला आहे. भयाण भविष्याच्या गोष्टी आवडीने पाहणाऱ्या माणसाच्या मनाचे नेमके काय होते? तो खचतो, की कणखर होतो?

सर थॉमस मोर यांनी १५१६ मध्ये ‘यूटोपिया’ या आदर्श बेटाची कल्पना मांडली. त्याचे उलटे टोक म्हणजे डिस्टोपिया. अल्डस हक्सले यांचे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ मध्ये आले, तर आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ मध्ये. मार्गारेट ॲटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ची. तिच्यावरची मालिका २०१७ मध्ये सुरू झाली. भुताच्या गोष्टीत एक घर किंवा एक वाडा बिघडलेला असतो. तिथून पळता तरी येते. डिस्टोपियात सगळी व्यवस्थाच बिघडलेली असते आणि पळून जायला ‘बाहेर’ म्हणून काही शिल्लक नसते. त्यामुळे चाहत्याचे मन भीतीपेक्षा नियमांत जास्त गुंतते. इथे पाणी कोणाला मिळते? नोंदी कोण ठेवतो? खोटे कोण बोलू शकतो? ‘ब्लॅक मिरर’च्या एका भागात माणसे एकमेकांना पाचपैकी गुण देतात आणि गुण घसरले की घर, प्रवास, मैत्री सगळेच हातचे जाते. दारात जेवण आणून देणाऱ्या मुलाला मोबाइलवर तारे देऊन झाल्यावर हा भाग पाहिला, तर अंगावर काटा येतो तो अनोळखी गोष्टीचा नव्हे, ओळखीच्या गोष्टीचा.

पण काटा येणे सुखाचे कसे? याचा एक चांगला दुवा मिरचीत सापडतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी माणसे तिखट आवडीने का खातात याचा अभ्यास मेक्सिकोत केला. (आपल्याकडे आले असते तर ठेचा-भाकरीवर काम भागले असते.) मिरचीतील कॅप्सेसिनमुळे जिभेवरच्या मज्जातंतूंना चटका बसल्यासारखे वाटते, डोळ्यांत पाणी येते, नाक वाहू लागते, म्हणजे शरीर धोक्याचा इशारा देते. मेंदूला मात्र ठाऊक असते की प्रत्यक्षात काही भाजलेले नाही. शरीर घाबरले आणि आपण सुरक्षित आहोत, या दोन गोष्टी एकाच वेळी कळण्यात मजा आहे, असे रोझिन यांचे म्हणणे. दुःखी चित्रपट, आकाशपाळणा आणि तिखट या सगळ्यांना त्यांनी एकाच माळेत ओवले. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. अनेकांना आवडणारा तिखटपणा हा सहन न होणाऱ्या तिखटपणाच्या अगदी अलीकडचा असतो.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अशीच मोजणी भीतीची केली. व्हायले या गावी भयगृह आहे, म्हणजे तिकीट काढून घाबरायला जाण्याची जागा. तिथे ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि मजा किती आली हे त्यांना विचारले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आलेख उलट्या ‘यू’सारखा निघाला. भीती फार कमी असेल तर कंटाळा, फार जास्त असेल तर त्रास. मजा मधल्या पट्ट्यात. हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच मालिकेसमोर बसलेल्या बहीण-भावांपैकी एक पॉपकॉर्न खात असतो आणि दुसरी उशीत तोंड लपवते, यात कोणी धीट नि कोणी भित्रे असे ठरवण्याचे कारण नाही.

या हौसेचा काही उपयोग होतो का, हे तपासण्याची संधी २०२० मध्ये न मागता मिळाली. कोविड पसरू लागला तसा ‘कंटेजन’ या २०११च्या चित्रपटाला अचानक मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. त्यातला काल्पनिक विषाणू निपाहच्या धर्तीवर बेतलेला आहे, तोच निपाह ज्याचा उद्रेक केरळने २०१८ मध्ये अनुभवला. एक रुग्ण सरासरी किती जणांना संसर्ग देतो, हे त्या चित्रपटातली अधिकारी फळ्यावर लिहून समजावते. पुढे वर्षभर वर्तमानपत्रांतून भेटत राहिलेला ‘आर-नॉट’ हा आकडा अनेकांनी प्रथम तिथे ऐकला होता.

त्याच एप्रिलमध्ये कोल्टन स्क्रिव्हनर, मॅथियास क्लासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१० जणांची पाहणी केली. कोणत्या प्रकारचे चित्रपट आवडतात आणि सध्या मनःस्थिती कशी आहे, असे दोन्ही प्रश्न विचारले. भयपटांच्या चाहत्यांत मानसिक त्रासाची लक्षणे कमी आढळली. जगाचा अंत, परग्रहवासीयांचे आक्रमण, झोंबी अशा समाज कोसळण्याच्या कथांचे चाहते त्याशिवाय अधिक सज्जही होते. जे घडते आहे त्याची मनाने थोडीफार तालीम झाल्यासारखे त्यांचे उत्तर होते.

चाहत्यांनी हे घरात वाचून दाखवायला हरकत नाही, पण पुढचेही वाचावे. ही पाहणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. मुळात ज्यांचा पिंड शांत आहे तेच असल्या मालिका पाहू शकत असतील, अशीही शक्यता आहे. संशोधकांनी स्वभावाचे काही घटक हिशेबात धरले, तरी ३१० जणांनी स्वतःच स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. शिवाय तो एप्रिल होता. पुढच्या वर्षीची दुसरी लाट अजून यायची होती.

तालमीचा एक फायदा मात्र नक्की दिसतो, तो म्हणजे चाहता खरे-खोटे तपासायला शिकतो. २०२३च्या ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेत कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसाच्या मेंदूचा ताबा घेते. या कुळातली बुरशी मुंग्यांना खरोखरच वेठीला धरते. मुंगी झाडावर चढते, पानाला चावा घेऊन तिथेच मरते आणि तिच्या डोक्यातून बुरशीचा कोंब बाहेर येतो. हिमालयात सोन्याच्या मोलाने विकली जाणारी ‘कीडाजडी’ हीदेखील अळीवर वाढलेली अशीच बुरशी. पण मुंगीवर चालणारी युक्ती माणसावर चालत नाही. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराचे ३७ अंश तापमानच सोसत नाही. मालिकेने विचारलेला पुढचा प्रश्न मात्र पोकळ नाही. पृथ्वी तापत गेली आणि बुरशी उष्णता सोसायला शिकली तर? कॅन्डिडा ऑरिस ही औषधांना दाद न देणारी बुरशी २००९ मध्ये प्रथम नोंदवली गेली. आज ती भारतासह अनेक देशांतल्या रुग्णालयांची डोकेदुखी आहे. तिच्या उदयामागे तापमानवाढ असू शकेल, असे गृहीतक काही शास्त्रज्ञांनी मांडले आहे. ते सिद्ध झालेले नाही. रात्री मालिका पाहून सकाळी कीडाजडी शोधत बसणारा चाहता एवढे सगळे सहज सांगू शकतो, आणि पाठ्यपुस्तकाने हे काम इतक्या आनंदाने क्वचितच करून घेतले असेल.

मजेसाठी लागणारी मुख्य अट अंतराची आहे. कथेतली आपत्ती आपल्यापासून काही हात दूर असावी लागते. २०१९च्या ‘लैला’ मालिकेत पाण्याचे दुर्भिक्ष आणि भिंतींनी वाटलेले शहर आहे. मुंबईतल्या उंच इमारतीत ते भविष्य वाटते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा जे लातूरला होते, त्यांना त्यात भविष्य कितपत दिसेल? साथीच्या कथांचेही तेच. ज्यांनी ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्र रात्र फोन फिरवले, त्यांना साथीची मालिका नकोशी वाटली तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. त्यांच्यासाठी अंतरच उरलेले नाही. अशांना ‘बघ रे, भारी आहे’ म्हणून आग्रह करणे हा चाहत्यांचा नेहमीचा दोष आहे आणि तो टाळण्यासारखा आहे.

वडीलधाऱ्यांचा बातम्यांचा मुद्दाही इथेच येतो. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनवेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. मालिकेचा भाग संपतो, नावे सरकू लागतात, दिवा लागतो. बातम्यांना ती सोय नाही. संध्याकाळी सातपासून चर्चेचा आरडाओरडा लावून बसणाऱ्या घराने मालिकेच्या चाहत्याला बोल लावण्याआधी हे लक्षात घ्यावे.

चाहत्यांची बाजू इतकी घेतल्यावर एक अडचणीचा निष्कर्ष सांगायला हवा. कॅल्व्हर्ट जोन्स आणि सेलिया पॅरिस या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी तीन प्रयोग केले. काहींना ‘द हंगर गेम्स’सारखी डिस्टोपियन कथा दिली, तर तुलनेसाठीच्या गटांत काहींना काहीच दिले नाही. २०१८ मध्ये आलेले निष्कर्ष असे की, डिस्टोपियन कथेनंतर अन्यायाविरुद्ध टोकाची, हिंसक कृतीही समर्थनीय ठरू शकते, असे म्हणण्याकडे कल वाढला. अशा कथांनी माणसाचा व्यवस्थेवरचा विश्वास उडतो, या रूढ समजुतीला मात्र पुरावा मिळाला नाही. चाहता निराश होत नाही. पण बाणाने प्रश्न सुटतो हे गोष्टीचे गणित त्याच्या मनात थोडे मुरते. परिणाम किती काळ टिकतो हा वेगळा प्रश्न. बारा-तेरा वर्षांची मुले हे पाहत असतील तर ‘तिने जे केले त्याशिवाय दुसरे काय करता आले असते?’ एवढा प्रश्न जेवताना विचारला तरी पुरे. बंदी घातल्याने मुले मित्राकडे जाऊन पाहतात, हे पालकांना सांगायला संशोधन नको.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत पक्के नुकसान आहे ते झोपेचे. १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांच्या २०१७ मधील अभ्यासात, भागांमागून भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक खराब, थकवा अधिक आणि निद्रानाशाची लक्षणे जास्त आढळली. कारण होते झोपण्यापूर्वी मन जागे राहणे. अंथरुणावर पडले तरी डोक्यात कथानक फिरत राहते. डिस्टोपियन मालिकेत सुटायचे धागे जास्त, म्हणून हे फिरणेही जास्त. मालिका बंद केल्यावरही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, ‘आता कशातच अर्थ नाही’ असे वाटत राहिले असेल, तर दोष मालिकेवर टाकून गप्प बसू नये. डॉक्टरांशी बोलावे; केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

बाकी चाहत्यांसाठी उपाय साधा आहे. भागाच्या शेवटी थांबायचे ठरवले तर थांबता येत नाही, कारण लेखकाने गळ तिथेच टाकलेला असतो. दार उघडते, कोणीतरी आत येते आणि पडदा काळा होतो. आलेले कोण, हे पुढच्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत बहुधा कळते. टीव्ही तेव्हा बंद करावा, भागाच्या मधोमध, आणि झोपायच्या तासभर आधी.