नर्सिंग सहायक व्हायचंय? आधी हे शिका

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल पूर्वीपासून आहे. 2019 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि 7 मार्च 2025 रोजी 450 खाटांच्या नमो हॉस्पिटलच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. खाटा वाढल्या की डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबरोबरच रुग्णाजवळ थांबणारी माणसंही जास्त लागतात. वॉर्डात त्यांना मावशी, मामा म्हणतात. कौशल्य प्रशिक्षणाच्या कागदावर या कामाचं नाव ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’. खानवेलच्या किंवा सीमेलगतच्या महाराष्ट्रातल्या तलासरी-जव्हारच्या मुलामुलींनी या कामाकडे वळताना त्यात नेमकं काय शिकायचं असतं, ते पाहू.

आधी मर्यादा. नर्सिंगमध्ये एएनएम 2 वर्षांचा आणि जीएनएम 3 वर्षांचा अभ्यासक्रम असतो. यांपैकी एक करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की माणूस नर्स होतो. सहायक हा नर्स नसतो. इंजेक्शन देणं, औषध ठरवणं, सलाइनचा वेग बदलणं ही त्याची कामं नाहीत. नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी ‘सिस्टरना बोलावतो’ हेच उत्तर.

मग हात धुणं. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद. तळवे सगळेच चोळतात. राहतात ते अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोकं. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, ड्रेसिंगसारख्या स्वच्छ कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर आणि रुग्णाच्या खाटेला किंवा सामानाला हात लागल्यावर हात धुवायचेच. हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही.

तिसरी गोष्ट टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटांनी बघायची. आपला अंगठा लावायचा नाही, कारण त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत साधारण 60 ते 100 असते. मोजून झाली तरी बोटं तिथेच ठेवायची आणि छातीकडे पाहत गुपचूप श्वास मोजायचे. ‘आता श्वास मोजते’ असं सांगितलं की रुग्णाचा श्वास बदलतो. मिनिटाला 12 ते 20 श्वास ठीक. आकडा लगेच लिहायचा, आठवून नाही.

सर्वांत जास्त कस लागतो तो अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलताना. साधारणपणे दर दोन तासांनी ती बदलावी लागते, कारण एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोर होतो. रुग्णाला ओढायचं नाही. घासून कातडी सोलते. ड्रॉशीट, म्हणजे रुग्णाखालची आडवी चादर, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची, पाठीशी उशी लावायची, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. त्याच वेळी माकडहाड, खुबे, टाचा पाहून घ्यायच्या. लाल चट्टा बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर ती धोक्याची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा कडक लागते का हे हाताने बघायचं. तिथे चोळायचं नाही, सिस्टरना सांगायचं.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. भरवताना रुग्णाला बसतं करायचं, घास लहान द्यायचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. कचऱ्याचे रंग 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहेत: रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया टोचून भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही.

दादरा-नगर हवेलीत आणखी एक कसब लागतं, ते भाषेचं. इथला रुग्ण वारली, कोकणा, धोडिया बोलतो. डॉक्टर बहुधा हिंदी-गुजराती. रुग्णाचं दुखणं त्याच्याच शब्दांत ऐकून सिस्टरपर्यंत नेणारा सहायक फार मोलाचा. आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या वेदना बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्या नाटक समजायच्या नाहीत. अशा रुग्णाला ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तत्काळ कळवायचं.

कळवायचं कसं, हेही शिकावं लागतं. ‘पेशंटला बरं नाही’ यातून काही कळत नाही. ‘5 नंबरच्या आजींना सकाळपासून लघवी नाही, नाडी 118, नेहमीपेक्षा गप्प आहेत’ हे कळवणं झालं.

प्रवेश घेताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष वॉर्डात किती तास काम मिळेल, आणि प्रमाणपत्र कोण देतं. वॉर्डच नसलेल्या वर्गाला पैसे भरू नका. कूस बदलायला फळ्यावर शिकता येत नाही.